‘फर्स्ट कॉपी’ घड्याळ : विकणाऱ्याला कैद, घेणाऱ्याचे काय?

लोणावळ्यात चिक्की घेताना आपण ‘मूळ दुकान कोणते?’ असे विचारतो. महागड्या घड्याळाची ‘फर्स्ट कॉपी’ मात्र चालवून घेतो.

कायदा काय सांगतो?
ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ नुसार बनावट ब्रँडचा माल विकल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड.

ग्राहकाचे काय?
स्वतः वापरण्यासाठी घेणाऱ्याला या कलमात शिक्षा नाही. पण पक्के बिल नाही, वॉरंटी नाही. फसलात, तर ग्राहक आयोगापुढे दाखवायला कागद नाही. पुढे तेच घड्याळ तुम्ही विकले, तर कलम तुमच्यावर.

आयात शुल्क घटतेय, मग?
१ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या करारामुळे स्विस घड्याळांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होणार. तरी लाखांचे घड्याळ हजारांत येणार नाही. दोन-तीन हजारांत टायटन, सोनाटाचे अस्सल घड्याळ मात्र बिलासह मिळते.