सवलत नव्हे, वाट हवी
महाराष्ट्रात २०२२ पासून पंचाहत्तरी गाठलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. परंतु थांब्यापर्यंत त्यांनी पोहोचायचे कसे? पदपथ एक तर नाहीत, असले तर मोटारींनी व्यापलेले. मुंबईत वांद्र्याला २००८ साली पहिला स्कायवॉक उभा राहिला. जमीन वाहनांना आणि जिने पादचाऱ्यांना, ही वाटणी उघडच वर्गीय होय. सिंगापुरात २००९ पासून वृद्धांनी कार्ड टेकवताच हिरवा दिवा काही सेकंद अधिक राहतो. तेव्हा प्रश्न तंत्राचा नसून अग्रक्रमाचा आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागात थांब्यापर्यंतची वाट वृद्धांसमवेत चालून पाहावी, अडथळ्यांची यादी करावी आणि ती घेऊन पालिकेवर धडकावे. सवलत ही कृपा ठरते. निर्धोकपणे चालता येणे हा हक्क आहे.