निकाल सगळ्यांचे, पण शोधून द्यायचे कुणी?

"एआयआर १९७३ सुप्रीम कोर्ट १४६१." वकिलाने एवढं म्हटलं की न्यायाधीशांना कळतं, केशवानंद भारती खटल्याबद्दल बोलणं चाललंय. संसदेलाही राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे सांगणारा निकाल. पण गंमत बघा. देशाच्या इतक्या मोठ्या निकालाचा हा जो पत्ता आहे, तो सरकारने दिलेला नाही. १४६१ हा पान क्रमांक आहे, आणि ते पान नागपूरच्या काँग्रेसनगरातल्या एका खाजगी प्रकाशनाचं आहे. ऑल इंडिया रिपोर्टर. संस्थापक, वकील व्ही. व्ही. चितळे.

आपल्याकडे नागपूर म्हटलं की संत्री, दीक्षाभूमी, संघ, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. एआयआरचं नाव कोर्टाच्या आवारातल्या माणसांशिवाय कुणी घेत नाही. मला ते खटकतं.

जरा तो काळ आठवा. निकाल छापणं हे कागदोपत्री सरकारचं काम होतं. १८७५ चा इंडियन लॉ रिपोर्ट्स ॲक्ट सांगतो की सरकारी अधिकाराने छापलेल्या अहवालांखेरीज दुसरा कुठलाही अहवाल ऐकून घ्यायला कोर्ट बांधील नाही. कायदा असा, आणि सरकारी खंड मात्र निवडक निकालांचे, तेही रमतगमत येणारे. अशील काही खंडाची वाट बघत थांबत नाही. म्हणून वकीलच पुढे झाले. मद्रास लॉ जर्नल १८९१ चं, रतनलाल आणि धीरजलाल यांचं बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ चं. टिळकांचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला वकील आजही बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या दहाव्या खंडातल्या ८४८ व्या पानाने ओळखतात.

पण ही नियतकालिकं मुख्यतः आपापल्या हायकोर्टाची. चितळ्यांचा विचार मोठा होता. लंडनची प्रिव्ही कौन्सिल, मुंबई, कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद, लाहोर, पाटणा, रंगून, सगळं एका छताखाली, एकाच पद्धतीने. वर्ष, कोर्ट, पान. एवढ्यावर जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात तो निकाल सापडला पाहिजे. त्यांच्या मालिकेतले खंड १९१४ पासूनचे आहेत. आणि नागपुरात स्वतःचं हायकोर्ट आलं कधी? १९३६ मध्ये! तोवर तिथे ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. म्हणजे जिथे हायकोर्टच नव्हतं त्या गावाने देशभरच्या हायकोर्टांची अनुक्रमणिका केली. फाळणीनंतर लाहोर परदेशात गेलं, पण १९४७ आधीचे एआयआर सीमेपलीकडच्या कोर्टांतही दाखल्याला येत राहिले.

हे काम म्हणजे नुसती छपाई नव्हे. दोनशे पानांच्या निकालात नेमकं ठरलं काय, हे चार ओळींत सांगणारी हेडनोट कुणीतरी लिहावी लागते. कुठला जुना निकाल मोडीत निघाला, कुठला अजून उभा आहे, याचे तक्ते करावे लागतात. हेडनोट म्हणजे कायदा नव्हे, असं कोर्टं वारंवार बजावतात. आणि तरी घाईतला वकील आधी तीच वाचतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

ही हेडनोट लिहिणारी माणसं कोण? इथे एआयआरची एक बाजू आहे जी गौरवाच्या लेखांत सहसा येत नाही. तिथल्या कर्मचाऱ्यांनी पालेकर निवाड्याप्रमाणे पगार मागितले. कंपनी म्हणाली, आमचं हे वर्तमानपत्र नाहीच. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८८ मध्ये कोर्टाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला: कोर्टाचे निकाल ही सार्वजनिक बातमी आहे, ती छापणारं नियतकालिक वर्तमानपत्रच. तो निकाल कुठे सापडतो? एआयआर १९८८ सुप्रीम कोर्ट १३२५. स्वतःविरुद्धचा निकालही त्यांच्याच पानावर! चितळ्यांचा वारसा मला पुतळ्यापेक्षा या शिस्तीत जास्त दिसतो. हीच शिस्त आणीबाणीतल्या एडीएम जबलपूर निकालाच्या वेळी कामाला आली. न्या. एच. आर. खन्नांचं विरोधी मत बहुमताच्या निकालाबरोबरच छापलेलं राहिलं, आणि २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात बहुमताचा तो निकाल रद्द ठरवला गेला.

आता मालकीचा प्रश्न. निकाल जनतेचा, मग खंड इतके महाग का? तालुक्याच्या नव्या वकिलाने पूर्ण संच घ्यायचा म्हटलं तर बिचाऱ्याची पहिल्या काही वर्षांची कमाई कपाटात जायची. लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये रेषा आखून दिली: निकालाच्या मूळ मजकुरावर कुणाचाही हक्क नाही, संपादकाने त्यात घातलेल्या कौशल्याच्या भागावर मात्र आहे. योग्यच. पुढे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःचे सुमारे ३४ हजार निकाल ई-एससीआरवर फुकट खुले केले आणि कुठल्याही प्रकाशकावर न विसंबणारे स्वतःचे क्रमांक द्यायला सुरुवात केली. दीडशे वर्षांपूर्वी अंगावर घेतलेलं काम सरकारी व्यवस्थेने आत्ता कुठे नीट हातात घेतलंय.

मग झालं का सगळं? महाराष्ट्रात तरी नाही. १९९८ च्या अधिसूचनेने आपल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्ष मराठीत, सातबारा मराठीत, फेरफार मराठीत, वाटणीपत्र मराठीत. आणि ज्या दाखल्यावर जमीन राहणार की जाणार ते ठरतं, तो इंग्रजीत. हरलेल्या शेतकऱ्याला आपण का हरलो हे वकिलाच्या तोंडूनच कळतं, आणि वकील खरं बोलतोय की आपली चूक झाकतोय, हे तपासायला त्याच्याकडे काही नसतं.

सुप्रीम कोर्टाचे काही निकाल मराठीत येतात, मशीनच्या मदतीने. चांगलं आहे. पण अनुवादांची पीडीएफ रास म्हणजे लॉ रिपोर्ट नव्हे. मराठी हेडनोट कुठे आहे? विषयवार सूची कुठे आहे? "हा निकाल आता लागू नाही" असं मराठीत सांगणारा तक्ता कुठे आहे? बाजारात याला भाव नाही म्हणून खाजगी प्रकाशक फारसे उतरणार नाहीत, हे उघड आहे. जिथे भाव नाही तिथेच सरकार लागतं.

भाषा संचालनालयाने न्यायव्यवहार कोश केव्हाच करून ठेवलाय, तेव्हा शब्द नाहीत ही सबब चालणार नाही. सगळ्या कायद्यांचं राहू द्या. वाटणी, कुळकायदा, वहिवाट, पोटगी आणि भाडेकरू, एवढ्या पाच विषयांपासून सुरुवात करा. हेडनोट लिहिणाऱ्या वकिलांना रीतसर पगार द्या (१९८८ चा निकाल आहेच), आणि दर महिन्याचा अंक प्रत्येक तालुका बारच्या टेबलावर आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर पोचू द्या.