बाकावर शेजारी कोण?

"तुम्ही ख्रिश्चन ना? मग मुलं मराठी शाळेत कशी?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी ऐकावा लागतो. विचारणारे शिकलेसवरलेले असतात, बहुतेक हिंदू असतात आणि त्यांची मुलं कॉन्व्हेंटमध्ये असतात. ख्रिश्चन म्हणजे इंग्रजी, शिस्त, टापटीप असं त्यांचं समीकरण. आम्हाला तर तिथे प्रवेशही सहज मिळतो. हातची जागा सोडून मी नगरच्या मिशनच्या जुन्या मराठी शाळेत दोन्ही मुलांचं नाव का घातलं, हे त्यांना कळत नाही. आमच्या मंडळीतल्या लोकांनाही ते कळत नाही. फक्त ते तोंडावर विचारत नाहीत, उपासना संपल्यावर मागे बोलतात.

तर सांगते. मुलांना ख्रिस्ती शिक्षण मिळावं, एवढ्याच कारणासाठी मी कॉन्व्हेंट सोडलं.

थोरल्याच्या प्रवेशासाठी मी एका कॉन्व्हेंटमध्ये गेले होते. फाटकावर क्रूस, कार्यालयात येशूची तसबीर. घरी कोणती भाषा बोलता, मिस्टर काय करतात, अशी विचारपूस झाली. बाप्तिस्म्याचा दाखला पाहिला आणि फॉर्म हातात मिळाला. बाहेर एक बाई मुलीला घेऊन उभी होती. चार घरची धुणीभांडी करणारी असावी. तिला शिपायानंच सांगितलं, "ताई, ही फी तुम्हाला झेपायची नाही." रागानं नाही, समजुतीनं सांगितलं. ती मुलीचं बोट धरून निघून गेली. मी घरी आले, पण तो फॉर्म भरायला माझा हात उठला नाही.

माझी पणजीही अशीच मुलाचं बोट धरून फिरली होती. आमचं घर महारवाड्यातलं. आजोबांना मिशनच्या बोर्डिंगात घेतलं म्हणून ते शाळामास्तर झाले, आणि म्हणून मी आज हे लिहिते आहे. बाकीच्या शाळांची दारं कशी बंद होती, हे सरकारी दप्तरातच आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्यानं मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारनं त्याचा हक्क तत्त्वतः मान्य केला, पण एकासाठी बाकीच्यांची शाळा मोडायला नको म्हणून हात वर केले. त्याच काळात आमच्या नगरात सिंथिया फॅरारबाई मुलींना शिकवत होत्या. जोतिरावांनी ती शाळा पाहिली होती, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. इतर शाळा ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवतात त्याला आत घेणारी ती ख्रिस्ती शाळा, अशी या मुलखात आमची ओळख होती.

मिशनरी निःस्वार्थी संत होते, असं माझं म्हणणं नाही. त्यांना माणसं ख्रिस्ती करायची होती आणि ते ही गोष्ट लपवतही नव्हते. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. धाकट्या श्रीपतवरून खटला उभा राहिला. तो मुलगा घरी परतल्यावर त्याला पुन्हा हिंदू धर्मात घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. त्या पालकांचा राग मला समजतो. या शाळेत काहीतरी शिकवतात आणि ते पोराच्या मनात उतरू शकतं, हे तरी त्यांना ठाऊक होतं.

आजच्या पालकाला ती भीतीच नाही. त्याला कॉन्व्हेंट हवं, ख्रिस्त नको. सिस्टरांची शिस्त हवी, पण सिस्टर कशासाठी घरदार सोडून आल्या, हे पोरानं विचारू नये. नाताळच्या कार्यक्रमात मेंढपाळ जरा जास्त भक्तिभावानं चालला, तर धर्मांतराची कुजबुज. आणि पुढे लग्नाच्या जाहिरातीत 'कॉन्व्हेंट-शिक्षित' हे मात्र ठळक अक्षरांत.

या सौद्यात आम्हीही तितकेच दोषी आहोत. तुम्ही ख्रिस्त नको म्हणालात, आम्ही काढून ठेवला. ठरलेल्या तासाला घंटा होते, ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला जातात, बाकीची 'मॉरल सायन्स'ला. दोन्हीकडे दया, क्षमा, गरिबांविषयी कळवळा. फक्त गरीब वर्गात नसतो. तो नाताळच्या आधी एका दिवसापुरता येतो, ब्लँकेट घ्यायला.

संविधानाच्या ३०व्या कलमानं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. तो मला प्राणांइतका प्रिय आहे. आजच्या हवेत तर अधिकच. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवायला सांगितल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं अल्पसंख्याक शाळा त्या कायद्यातून वगळल्या गेल्या. कायद्यानं सूट मिळाली, ठीक. पण कायद्यानं सक्ती केली नाही म्हणून गरिबाला आत घ्यायचं नाही, असं कुठल्या शुभवर्तमानात लिहिलं आहे? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी जे प्रश्न विचारले जातात, त्यांत दहावीच्या निकालाचा प्रश्न नाही.

माझी आत्या यावर एक खडा सवाल टाकते, आणि तो मला टाळता येत नाही. ती म्हणते, "अगं, बामणांची पोरं इंग्रजीत शिकून अमेरिकेला गेली, आता मराठी वाचवायचं ओझं आपल्याच पोरांवर का? आपल्याला तर सवलतीही नाहीत." खरं आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. इंग्रजी ही एकच शिडी त्यांच्यापुढे दिसते. स्वतःच्या नातवंडांना आंतरराष्ट्रीय शाळेत घालून आम्हाला मातृभाषेचं महत्त्व सांगणाऱ्यांशी मला काहीही बोलायचं नाही.

पण आत्या, मी मुलांना मराठी वाचवायला पाठवलेलं नाही. आमच्या शाळेनं उद्या पहिलीपासून इंग्रजी माध्यम केलं आणि तीच मुलं, त्याच फीत वर्गात ठेवली, तर मी पेढे वाटीन. माझा हट्ट माध्यमाचा नाही. माझ्या मुलाच्या शेजारी बाकावर कोण बसतं, याचा आहे. सध्या त्याच्या शेजारी वीटभट्टीवरच्या कुटुंबातला मुलगा बसतो. डबा दोघं मिळून खातात. भट्टीचा हंगाम संपला की तो जातो, आणि माझा मुलगा विचारतो, "तो का गेला?" या प्रश्नाचं उत्तर शोधणं म्हणजे ख्रिस्ती शिक्षण. शब्बाथ शाळेत पाठ केलेली वचनं त्याला तिथे कामाला येतात.

याची किंमत आम्ही मोजतो. त्याचं इंग्रजी कच्चं आहे, रोज रात्री मी तासभर घेऊन बसते. शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा रिकामी आहे. पट दरवर्षी घटतो. आणि तो घटतो कारण आमच्याच मंडळीतले शिक्षक, पाळक आणि शाळेच्या कमिटीचे सभासद आपली मुलं कॉन्व्हेंटला पाठवतात. मग वार्षिक सभेत म्हणतात, मराठी शाळा चालत नाही, जागेचं काहीतरी करायला हवं.

त्या कमिटीला माझी मागणी साधी आहे. जूनमध्ये आपली मुलं आपल्या शाळेत आणा. विज्ञानाची बाई आपोआप मिळेल, कारण मग ती तुमच्या मुलांनाही लागेल. आणि इंग्रजी शाळा चालवणाऱ्यांनी कायद्याची वाट न पाहता फाटकावर पाटी लावावी की चौथा हिस्सा जागा बिनफीच्या आहेत. ती धुणीभांडी करणारी बाई याच शहरात आहे. तिची मुलगी आता चौथीत असेल.