बुडवणे म्हणजे पोहायला शिकवणे नव्हे

मूल भाषेत पूर्ण बुडाले की ती भाषा त्याला आपोआप येते, हा युक्तिवाद इंग्रजी शाळांच्या पालकसभांत हमखास ऐकू येतो. ‘घरी मराठी बोलू नका, मुलाचे इंग्रजी कच्चे राहते,’ असा उपदेशही त्याच्या जोडीला असतो. कोणी अधिक वाचलेला असेल, तर तो कॅनडातील फ्रेंच ‘इमर्शन’ शाळांचा दाखला देतो. हा दाखला आम्हांस मान्य आहे. तो अर्धवट सांगू नये, एवढेच आमचे म्हणणे.

मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात १९६५ साली इंग्रजी भाषक पालकांनी आग्रह धरून असा पहिला वर्ग सुरू करविला. आरंभापासून सारे शिक्षण फ्रेंचमध्ये. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९७२ साली निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. फ्रेंचचा केवळ तास असणाऱ्या मुलांपेक्षा ही मुले कितीतरी पुढे गेली. बोलण्या-लिहिण्यात काही उणीव राहिली, तरी फ्रेंच ऐकून व वाचून समजण्यात ती चांगलीच तरबेज झाली. गणितात ती मागे पडली नाहीत. इंग्रजी वाचन प्रथम थोडे मागे होते. इंग्रजीचे अध्यापन सुरू झाल्यावर तीही तूट भरून निघाली. लाभ खरा आहे.

परंतु तो कशामुळे झाला? त्या मुलांची मायबोली इंग्रजी होती. घरात, बाजारात, साऱ्या खंडात तिला मान होता. शिक्षकांना मुलांचे इंग्रजी समजत होते आणि आरंभी मूल इंग्रजीत बोलले तरी त्याला कोणी दटावत नव्हते. वर्गातली सर्वच मुले फ्रेंचमध्ये सारखीच नवखी होती. दुसऱ्या इयत्तेपासून मायबोलीचे वाचन-लेखन रीतसर शिकविले जात होते. म्हणजे एका भाषेत दुसरीची भर पडत होती. पहिली हिरावून घेतली जात नव्हती.

त्याच कॅनडाने १९८२च्या हक्कसनदेत, तेविसाव्या कलमाने, अल्पसंख्य भाषकांना आपल्या मुलांना आपल्या भाषेत शिकविण्याचा हक्क दिला. ज्यांची भाषा दुबळ्या बाजूला आहे त्यांना आधी स्वतःच्या भाषेची शाळा हवी, हे त्या देशाने ओळखले. आपल्या पालकसभांत हे कलम कोणी सांगत नाही.

आता नाशिककडे पाहू. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणारा बाप पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. त्याला आम्ही दोष देत नाही. इंग्रजीवाचून नोकरीचे दार उघडत नाही, हे तो रोज पाहतो. दोष आहे तो त्या शाळेचा, जी मराठीत बोलल्याबद्दल मुलाला दंड करते, जिच्या शिक्षकांचे स्वतःचे इंग्रजी पाठ्यपुस्तकापलीकडे जात नाही आणि जी त्या पाठांतरालाच शिक्षण म्हणते. मराठी हा विषय २०२०च्या कायद्याने सर्व शाळांत सक्तीचा झाला. पण कायद्याने तास मिळतो, मान मिळत नाही. गोदावरीच्या पुरात पोर ढकलून काठावरून ‘पोह’ म्हणणाऱ्याला कोणी पोहण्याचा गुरू म्हणेल काय?

मराठीचा कैवार घेणाऱ्या आम्ही एक गोष्ट विसरू नये. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कोकणा बोली बोलणाऱ्या मुलाला आमची प्रमाण मराठीही परकीच असते. पहिलीच्या वर्गात ते गप्प बसते आणि गुरुजी त्याला ‘मठ्ठ’ ठरवितात. इंग्रजी आमच्यावर जो अन्याय करते तोच आम्ही त्याच्यावर करणार असू, तर आमच्या तक्रारीला वजन उरत नाही.

आपल्या शाळांकडून अधिक अपेक्षा ठेवण्याचा आम्हांस अधिकार आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. माणसाच्या हृदयाशी त्याच्याच भाषेत बोलावे, ही आपल्या घरची परंपरा आहे. तिचे वारस मुलाच्या तोंडची भाषा दंडाने कशी बंद करू शकतात?

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. मायबोलीत बोलल्याबद्दलचा दंड आजच बंद व्हावा. खालच्या वर्गांवर मुलांची भाषा जाणणारेच शिक्षक असावेत. मराठी वाचन-लेखन पहिलीपासून कसून शिकवावे आणि पाड्यावरच्या मुलाचे पहिले धडे त्याच्या बोलीतून व्हावेत. त्यावर इंग्रजी अवश्य शिकवा, उत्तम शिकवा. हवे तर फ्रेंचही शिकवा. हे जिथे होईल त्या शाळेने कॅनडाचा दाखला खुशाल द्यावा. जिथे होत नाही, तिथे पालकांनी पुढच्या सभेत उभे राहून याच चार गोष्टी विचाराव्यात. आणि मराठीतच विचाराव्यात.