आधी पाणी पाळा

दर मे महिन्यात एखादा तरी फोन येतोच. शाळेला सुट्टी लागलेली असते, घरात 'फाइंडिंग नीमो' पुन्हा एकदा बघून झालेला असतो आणि बाबा विचारत असतात, "खाऱ्या पाण्याची छोटीशी टाकी लावायची म्हणतोय. रविवारी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन सगळं एकदमच आणू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. टाकी आणा, मीठ आणा, दगड आणा, पंप आणा. मासा आणू नका. पुढचे दीड-दोन महिने नुसतं पाणी पाळा. यावर पलीकडे थोडी शांतता पसरते. पोराला काय सांगायचं, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

मलाही हे कुणीतरी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. दुकानदाराने "बाटलीतले बॅक्टेरिया ओता, आजच सोडा" म्हटल्यावर चौथ्या दिवशी दोन क्लाउन मासे सोडले. सहाव्या दिवशी दोघंही पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होते. पाणी मात्र काचेसारखं नितळ. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. चाचणीच्या नळीत पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते पालकाच्या सारासारखं हिरवं झालं. रात्रीपर्यंत टाकी रिकामी झाली. मासे माझ्या घाईने मेले, दुकानदार निमित्त.

म्हणून आधी हे समजून घ्या. माशाच्या विष्ठेतून, श्वासातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असलं तर चालतं, अधूनमधून पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, दगडांच्या छिद्रांत आणि वाळूवर वस्ती करतात. वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना सुरुवातीला खायला हवं, म्हणून कोळणीकडून आणलेली एक सोललेली कोलंबी जाळीच्या पिशवीत घालून टाकीत टांगायची. वास येतो. आमच्या आईने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "दगडांना दिवा लावून बसलायस ते ठीक, पण हे काय कुजवतोयस?" अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. त्याच्या मागून नायट्राइट चढतं आणि उतरतं. थोडा अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले, की टाकी तयार. याच काळात वाळूवर तपकिरी साय धरेल, मग हिरवं शेवाळ येईल. घाबरून औषधं ओतू नका. नव्या टाकीचं ते गोवर-कांजण्यांसारखं आहे, अंगावर काढायचं.

आता 'छोटी' म्हणजे केवढी? लोक वीस लिटरची मागतात, कारण ती स्वस्त आणि सोपी वाटते. सोपी अजिबात नाही. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. वीस लिटरमधलं एक लिटर उडालं, तर क्षारता हजारी 35 वरून जवळजवळ 37 वर जाते. एकशेवीस लिटरमधलं तेवढंच उडालं, तर फरक जेमतेम कळतो. पहिली टाकी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी घ्या. त्यात सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. दगड आणि काच धरून वजन दीडशे किलोच्या वर जातं, तेव्हा टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचार सोडा. भिंतीला लागून, खिडकीच्या उन्हापासून दूर, पक्का स्टँड हवा. आणि जे पाणी उडेल त्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, खारं नाही. ही चूक पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येकजण करतो.

मीठ कुठलं, हा प्रश्न हमखास येतो. घरचं मीठ चालत नाही, अगदी खडेमीठसुद्धा नाही. उरण-पेणकडची मिठागरं आठवा. पाणी आटताना आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ, आणि उरलेलं कडू पाणी सोडून देतात. म्हणजे कॅल्शियमचा मोठा भाग आधीच गेला आणि मॅग्नेशियम शेवटी. आपल्या डब्यात येतं ते बहुतेक नुसतं सोडियम क्लोराइड. टाकीसाठी समुद्राचे सगळे क्षार मोजून मिसळलेलं मीठ मिळतं, तेच घ्या. वर्सोव्याहून कॅनने पाणी आणू नका. त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात गोडं पाणीही मिसळतं. नळाचं किंवा टँकरचं पाणीही थेट नको. आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार काढणारी डीआयची नळी लावून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य झालेलं पाणी घ्या. स्वयंपाकघरातल्या आरओला क्षार पुन्हा मिसळायची सोय असेल, तर तेही उपयोगाचं नाही. बादलीत पाणी घ्या, लिटरला पस्तीस-छत्तीस ग्रॅम मीठ घालून पंपाने रात्रभर ढवळू द्या आणि सकाळी क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून बघा. 35 आलं की झालं.

आपल्याकडे खरा शत्रू म्हणजे उन्हाळा. टाकी 25-26 अंशांवर हवी आणि मे महिन्यात मुंबईच्या खोलीतच तेहतीस असतात, शिवाय पंप आणि दिवे आपली भर घालतात. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण ते पुण्याच्या कोरड्या हवेत. मुंबईच्या दमटपणात पंखा अर्धंच काम करतो आणि चिलर घ्यावा लागतो. चिलर बहुधा टाकीपेक्षा महाग पडतो, म्हणून त्याचा हिशेब आधीच करा. रात्री एसी आणि दिवसभर बंद, हा तर सगळ्यात वाईट मार्ग, कारण तापमान रोज वरखाली होतं. वीज गेली की पंप थांबतो आणि काही तासांत माशांना प्राणवायू कमी पडू लागतो. प्रवाहाचा पंप इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप घरात ठेवा. जमलं तर सुरुवात मे महिन्यात करूच नका. दिवाळीनंतर करा.

आता प्रवाळाचं. हे वाचून काहीजण नाराज होतील, पण पहिल्या टाकीत प्रवाळ आणू नका, असंच मी सांगेन. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि सी फॅन 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. समुद्रघोडेही तिथेच. दिवाणखान्यात फ्रेम करून लावतात ते 'इंद्रजाल'सुद्धा समुद्रातलाच जीव असतो आणि तेही बेकायदा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीजवळची प्रवाळं परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावी लागली, मग मालवणच्या खडकावरून तुम्ही-आम्ही तुकडा उचलण्याचा प्रश्नच येत नाही. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकतात तो बहुतेक प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्या, जिवाणूंना तेवढंच पुरतं. "परदेशातून आलंय" असं सांगून कुणी जिवंत प्रवाळ दाखवलं तर कागद मागा. दगडी प्रवाळाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करार आहे आणि कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. कागद नसतील तर दुकानातून बाहेर पडा.

प्रवाळ नाही म्हणजे टाकी ओकीबोकी, असं मुळीच नाही. चेटोमॉर्फासारखं समुद्री शेवाळ नायट्रेट खातं आणि दिसतंही छान. दोन-चार गोगलगायी, एक-दोन शंखातले खेकडे, एक क्लीनर कोळंबी. ती तुमच्या बोटावर येऊन नख साफ करू लागली की सगळा खर्च वसूल झाल्यासारखा वाटतो.

मासे दोनच, क्लाउनची जोडी, पैदास केंद्रात वाढवलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांच्या पैदाशीची पद्धत आपल्याकडे केव्हाच बसवली आहे, समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. एक मोठा, एक लहान निवडा. क्लाउन जन्मतः नरच असतात आणि मोठा असतो तो पुढे मादी होतो. सारख्या आकाराचे दोन घेतलेत तर मादी कोण होणार हा वाद तुमच्या टाकीत मिटवला जाईल. सिनेमातली निळी डोरी मागणाऱ्या मुलाला सांगा की ती फूटभर वाढते.

संध्याकाळी मासे आणलेत की पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग ते पाण्यासकट बादलीत घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब पाऊण तास सोडा. मासे जाळीने उचलून टाकीत सोडा, दुकानाचं पाणी मोरीत. दिवे बंद. त्या रात्री अकराच्या सुमाराला मला फोन येतो, "मासा कोपऱ्यात आडवा पडलाय हो, नुसता हलतोय." तेव्हा आताच सांगून ठेवतो. दिवा लावू नका, काचेवर टकटक करू नका. क्लाउन असाच झोपतो.