भोंग्याचा अर्थ कोणाला ठाऊक आहे?

देशाच्या संरक्षणाचा विषय निघाला की सरहद्द, शस्त्रे आणि सैनिक यांच्यापलीकडे विचार सहसा जात नाही. ज्या छावण्यांत, दारूगोळ्याच्या कोठारांत आणि आयुधनिर्माण्यांत हे संरक्षण शांततेच्या काळात साठवून ठेवलेले असते, तेथे राहणाऱ्या आणि राबणाऱ्या माणसांचे संरक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न स्फोट झाल्यावरच विचारला जातो. मंत्र्यांची भेट होते, चौकशी जाहीर होते, नुकसानभरपाईचे आकडे छापून येतात आणि मृतांचे दिवसपाणी होईपर्यंत तो प्रश्न पुन्हा कुंपणाआड गेलेला असतो.

एकट्या विदर्भाने नऊ वर्षांच्या आत हा अनुभव तीनदा घेतला. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा कोठारात आग लागली आणि पाठोपाठ झालेल्या स्फोटाने किमान १६ जणांचा बळी घेतला. त्यांत दोन सैन्याधिकारी होते. परंतु बहुसंख्य होते ते आग विझवावयास धावलेले कोठाराच्या अग्निशमन दलातील कर्मचारी. आगरगाव आणि आसपासच्या वस्त्यांतील शेकडो लोकांना त्या रात्री घरे सोडावी लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरातील सोनेगाव आबाजी येथे कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत जबलपूरच्या खमरिया आयुधनिर्माणीचा एक कर्मचारी होता आणि ठेकेदाराने आणलेले स्थानिक मजूर होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथील आयुधनिर्माणीत स्फोटाने इमारतीचे छप्पर कोसळले आणि आठ कामगार गेले. तिन्ही ठिकाणी शत्रू नव्हता, युद्ध नव्हते. तिन्ही ठिकाणी मेले ते प्रामुख्याने बंदूक न धरणारे लोक.

सैनिकी तळ म्हटला की गणवेशातील शिस्तबद्ध जवान डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः असा तळ म्हणजे एक गावच असते. अधिकाऱ्यांचे बंगले आणि जवानांच्या चाळी असतात. पती सरहद्दीवर असताना मुलाबाळांसह मागे राहिलेल्या स्त्रियांची स्वतंत्र घरे असतात. शाळा, दवाखाना आणि उपाहारगृह असते. रस्ते, पाणी आणि वीज सांभाळणारे लष्करी अभियांत्रिकी सेवेचे नागरी कामगार असतात. अग्निशमन दलाचे जवान, लेखनिक, भांडारपाल, हमाल, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बाया असतात. वाढलेले गवत कापण्यासाठी, खड्डे खणण्यासाठी, पेट्या चढविण्या-उतरविण्यासाठी शेजारच्या गावांतून आणलेले रोजंदार असतात. या गावाची अधिकारांची उतरंड मात्र कुठल्याही जुन्या खेड्याइतकीच पक्की असते. धोका कोठे आहे हे वरच्याला ठाऊक असते. जो धोक्याच्या सर्वांत जवळ उभा असतो, त्याला ते सर्वांत शेवटी कळते आणि कित्येकदा कळतच नाही.

या अज्ञानाची किंमत काय असते, हे मुंबईने फार पूर्वी पाहिले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागली. जहाजात कापूस होता आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजावर धोक्याचे लाल निशाण असावयास हवे होते, ते नव्हते. दुपारी धूर दिसू लागल्यापासून चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट होईपर्यंत सुमारे दोन तास हाती होते. त्या दोन तासांत गोदीतील कामगारांना दूर हलविण्याचा हुकूम निघाला नाही. सातशेहून अधिक माणसे मेली, हजारो बेघर झाली, आणि बातमी युद्धाच्या नावाखाली दडपून ठेवण्याचा प्रयत्न झाला. त्या दिवशी कामी आलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. स्मरण योग्यच आहे. परंतु अग्निशामकांच्या शौर्याचे स्मरण करणाऱ्या राज्याने, त्यांना कोणत्या आगीत पाठवीत आहोत हे त्यांना आधी सांगण्याची व्यवस्था केली काय, असे पुलगावनंतर विचारणे भाग आहे. पुलगावच्या आगीनंतर सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत असल्याचा मुद्दा पुढे आला आणि त्याच्या जबाबदारीवरून सैन्य व आयुधनिर्माणी यांच्यात वाद रंगला. दोष कोणाचा हे दोन खाती ठरवीत बसोत. परंतु सदोष माल ज्या कोठारात पडून होता, त्या कोठारात आग लागली तर पाण्याचा पाइप घेऊन कोण धावणार, हे दोन्ही खात्यांना ठाऊक होते.

यावर एक उत्तर ठरलेले असते: हा राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विषय आहे, येथे गुप्तता अपरिहार्य आहे. गुप्ततेची गरज कोणी नाकारीत नाही. कोणत्या कोठारात किती तोफगोळे आहेत, कोणत्या मार्गाने ते हलविले जातात, हे चव्हाट्यावर मांडावे अशी मागणी कोणताही समंजस माणूस करणार नाही. परंतु भोंगा एकदा वाजला तर काय करावयाचे आणि सतत वाजत राहिला तर काय करावयाचे, शाळेतील मुलांना कोणत्या दाराने बाहेर काढावयाचे, वाऱ्याची दिशा पाहून कोणत्या रस्त्याने पळावयाचे आणि कोठे जमावयाचे, यांत कोणते गुपित आहे? कोठार कोठे आहे हे पंचक्रोशीतील पोरालाही ठाऊक असते. शत्रूला जे ठाऊक आहे तेच कामगाराच्या बायकोपासून लपविणे याला सुरक्षितता म्हणत नाहीत.

कायद्यानेही हा भेद केव्हाच मान्य केलेला आहे. १९८४ च्या भोपाळकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियांची माहिती आणि आपत्काळातील योजना कामगारांना व आसपास राहणाऱ्या जनतेला कळविणे मालकावर बंधनकारक झाले आणि संभाव्य धोक्याकडे लक्ष वेधण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. धोकादायक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी कारखान्याच्या आतील योजनेची रंगीत तालीम सहा महिन्यांतून एकदा आणि बाहेरच्या योजनेची वर्षातून एकदा घेण्याचे बंधन घातले. खाजगी मालकाच्या रसायनाच्या टाकीभोवती राहणाऱ्यांना जो हक्क आहे, तो सरकारच्या दारूगोळ्याभोवती राहणाऱ्यांना का नसावा? कारखाना आणि कोठार यांच्यातील कायदेशीर भेद स्फोटाला समजत नाही.

सिद्धता या शब्दाचा अर्थही नीट लावला पाहिजे. लाल बादल्यांच्या रांगा आणि निरीक्षणाच्या दिवशी रंगविलेल्या पाट्या म्हणजे सिद्धता नव्हे. तिची सुरुवात अगदी साध्या, कंटाळवाण्या कामांपासून होते. २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानातील भरतपूरच्या दारूगोळा कोठाराला आग लागली ती वाळलेल्या गवतामुळे पसरली आणि कोट्यवधी रुपयांचा दारूगोळा नष्ट झाला. खर्च वाचविण्यासाठी गवताची कापणी टाळण्यात आली होती, असे पुढे उघड झाले. गवत कापणाऱ्या मजुरांची रोजंदारी वाचली आणि कोठार गेले. काटकसरीचे हे शास्त्र नेहमी खालच्या पायरीवरच लागू होते. बंगल्यांच्या हिरवळीची कापणी थांबल्याचे मात्र ऐकिवात नाही.

खऱ्या सिद्धतेची दुसरी कसोटी म्हणजे हजेरीपट. स्फोट झाल्यावर पहिला प्रश्न असतो, आत किती माणसे होती? गणवेशधारींची मोजदाद तत्काळ होते. कायम कामगारांची नोंद सापडते. ठेकेदाराच्या मजुरांची यादी मात्र मुकादमाच्या खिशात असते, आणि मुकादमही आतच असेल तर ती कोणाजवळच नसते. ज्याचे नाव सकाळी फाटकावर लिहिले गेले नाही, त्याला ढिगाऱ्याखाली कोणी शोधावयाचे, आणि नंतर त्याच्या वारसाने कोणत्या कागदाच्या आधारे भरपाई मागावयाची? फाटकावर रोज भरला जाणारा आणि त्याची प्रत फाटकाबाहेर सुरक्षित राहणारा हजेरीपट ही काही अब्जावधींच्या खर्चाची योजना नव्हे.

तिसरी कसोटी तालमीची. ७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणासाठी निश्चित केलेल्या २४४ जिल्ह्यांत सराव घेण्याचा आदेश केंद्र सरकारने दिला, तेव्हा भोंगे, दिवे मालविणे, स्थलांतर हे शब्द अनेक वर्षांनी सामान्य नागरिकांच्या कानांवर आले. तणावाच्या आठवड्यात घाईने घेतलेला सराव आणि दरवर्षी ठरलेल्या दिवशी होणारी तालीम यांत मोठे अंतर आहे. पुलगावची आग मध्यरात्रीनंतर लागली, म्हणून रात्रीची तालीम हवी. घरी एकटी असलेली गरोदर स्त्री, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, ऐकू न येणारे मूल यांना कोण उचलणार, हे घरागणिक ठरलेले हवे. तालमीने घबराट पसरते, ही अधिकाऱ्यांची आवडती हरकत आहे. घबराट अज्ञानातून पसरते. काय करावयाचे हे ज्याला ठाऊक आहे, तो घाबरला तरी योग्य दिशेने पळतो.

चौथी कसोटी रुग्णालयाची. पुलगावच्या जखमींना वर्ध्याजवळच्या सावंगी येथील रुग्णालयात हलवावे लागले होते. भाजलेल्या माणसाच्या बाबतीत पहिले काही तास निर्णायक असतात. म्हणूनच कोठाराचे अधिकारी, जिल्हाधिकारी, रुग्णालये आणि ग्रामपंचायती यांची एकत्र योजना आधीच तयार असली पाहिजे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी आणि सह-अध्यक्षस्थानी जिल्हा परिषदेचा निर्वाचित अध्यक्ष ठेवला आहे, आणि जिल्ह्याच्या योजनेचा दरवर्षी आढावा घेण्यास सांगितले आहे. लोकप्रतिनिधीला तेथे बसविण्यात कायद्याचा हेतू स्पष्ट आहे. निवडणुका लांबवून जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती ठेवल्या की हा लोकांचा आवाजही आपोआप बंद होतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या सर्वांच्या मुळाशी असलेला प्रश्न अखेर कामगाराच्या सत्तेचा आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. त्याला विरोध करणाऱ्या कामगारांचा संप होऊ नये म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये अध्यादेश आणि नंतर संसदेत कायदा आला. तो कायदा एका वर्षापुरताच होता. परंतु त्याने दिलेला धडा मुदतीबरोबर संपत नाही. काम थांबविणे हाच जेथे गुन्हा ठरतो, तेथे “हे यंत्र धोक्याचे आहे, मी ते चालविणार नाही” असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल? धोक्याची सूचना देण्याचा हक्क कागदावर असून भागत नाही. ती सूचना दिल्यामुळे नोकरी जाणार नाही, ही खात्री हवी. ठेकेदाराच्या मजुराला आणि प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेल्या तरुणाला ती खात्री कोणीच देत नाही, आणि धोक्याच्या कामावर त्यांची भरती मात्र वाढत जाते.

हेही मान्य केले पाहिजे की कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत वेतन, बोनस आणि निवृत्तिवेतन यांना जे स्थान मिळते ते सुरक्षिततेला मिळत नाही. भत्ता वाढवून घेऊन धोका पत्करणे ही रीत अंगवळणी पडली आहे. धोका-भत्ता हा मिळाला पाहिजे यात शंका नाही. पण तो धोका कमी करण्याच्या मागणीचा पर्याय होऊ शकत नाही. शिवाय कायम कामगाराची संघटना ठेकेदाराच्या मजुराला आपला मानीत नसेल, तर तिच्या सुरक्षा समितीला अर्धेच डोळे असतात.

कार्यकर्त्यांना या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी पुढच्या अपघाताची वाट पाहण्याचे कारण नाही. पुलगाव, भंडारा, भद्रावती, वरणगाव, खडकी, देहूरोड अशा प्रत्येक ठिकाणच्या शेजारच्या गावांत ग्रामसभा भरवून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारता येईल की योजनेत आमच्या गावाचे नाव आहे काय, शेवटची तालीम केव्हा झाली आणि तिच्यात गावकऱ्यांपैकी कोण होते. संघटनांनी ठेका मजुरांच्या हजेरीपटाची आणि समान भरपाईची मागणी आपल्या मागणीपत्राच्या पहिल्या पानावर आणावी. सदोष आणि कालबाह्य दारूगोळा हलविण्याची मुदत ठरवावी व ती पाळली गेली की नाही हे संसदेला कळवावे, असा आग्रह लोकप्रतिनिधींनी धरावा. छावणीत राहणाऱ्या स्त्रियांना यात बोलण्याची जागा मिळावी, कारण आपत्तीच्या रात्री घर त्याच सांभाळणार असतात.

यांपैकी एकाही मागणीने सैन्य दुबळे होत नाही. ज्याची बायकामुले तळावर सुरक्षित आहेत तो जवान सरहद्दीवर अधिक निश्चिंत असतो, आणि आपल्या जिवाची कोणी फिकीर करतो हे ज्याला ठाऊक आहे तो कामगार आपले काम अधिक काळजीने करतो. भोंगा वाजेल तेव्हा त्याचा अर्थ अधिकाऱ्याला जितका समजतो तितकाच गवत कापणाऱ्या बाईलाही समजला पाहिजे. तोवर त्या तळाला सुरक्षित म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.