ओट्याखालचा सरकता खण

ओट्याखालच्या कडाप्प्याच्या कप्प्यांत अगदीं मागें काय ठेवलेलें आहे, हें बहुतेक घरांत एकाच व्यक्तीस ठाऊक असतें. आणि तें बाहेर काढण्याकरितां तिला जमिनीवर बसून, पुढचे चार डबे बाजूस सारून, अर्धें अंग आंत घालावें लागतें. तिशींत ही कसरत कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. साठीनंतर गुडघे ती लक्षांत आणून देतात. मग मागचे डबे मागेंच राहतात, त्यांतील जिन्नस नव्यानें विकत येतो आणि जुन्यास कीड लागते. सबब, अशा कप्प्यांत चॅनेलवर सरकणारा खण, म्हणजे बाजारच्या भाषेंतली ट्रॉली, बसविण्याचें ज्या घरीं घाटत आहे, त्यांच्याकरितां या वेळीं मोजमापाच्या चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तारेच्या तयार ट्रॉल्या मिळतात, नाहीं असें नाहीं. परंतु त्या ठराविक मापाच्या असतात, आणि तारेवर हिंगाची बरणी कधींच सरळ उभी राहत नाहीं. प्लायवुडाचा खण आपल्या मापानें करून घेणें हेंच आम्हांस अधिक पसंत आहे. हें काम आतां मोठ्या शहरांतून सी.एन.सी. यंत्रावर करून मिळतें. संगणकावर काढलेला नकाशा द्यावा, आणि यंत्राच्या फिरत्या कटरनें त्याबरहुकूम तक्ते कापून घ्यावे. आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारें असें यंत्र अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत १९५२ सालीं जाहीर रीतीनें दाखविण्यांत आलें, तेव्हां डोळ्यांपुढें होते ते विमानांचे धातूचे भाग. डाळीच्या डब्यांचा विचार कोणी केला नसेल!

यंत्राचें काम सुबक होतें, याविषयीं वाद नाहीं. परंतु सुताराच्या आणि यंत्राच्या कामांत एक मोठा भेद आहे. सुतार फळी कप्प्यांत लावून पाहतो. घट्ट वाटली तर रंध्याचे दोन हात मारतो, कोपरा अडला तर पटाशी लावतो. ही दुरुस्ती तो न बोलतां करतो, म्हणून ती झाली हें आपणांस कळतहि नाहीं. यंत्र नकाशांतील आंकड्याबाहेर एक केसभरहि जात नाहीं. तेव्हां सुतार हातानें जें सांवरून घेत असे, तें सर्व आपणांस आधीं कागदावर सांवरावें लागतें. न सांवरल्यास आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटरांचा, सबंध तक्ता वायां जातो.

आरंभ कप्प्यापासून करावा. कडाप्प्याचे उभे दगड दिसावयास सरळ दिसले तरी क्वचितच समांतर असतात. म्हणून रुंदी वर, मध्यें आणि खालीं, तसेंच पुढें आणि मागें मोजावी, व त्यांतील सर्वांत लहान आंकडा खरा धरावा. समजा, तो २९३ मिलिमीटर निघाला. आंत बसावयाच्या प्लायवुडाच्या पेटीस ३ मिलिमीटरांची मोकळीक ठेवली, म्हणजे तिची बाहेरची रुंदी २९० झाली.

आतां जाडी. दुकानदार ज्यास १८ मिलिमीटरांचें प्लायवुड म्हणतो तें मोजून पाहिल्यास बहुधा थोडें कमी भरतें. कॅलिपरनें तक्त्याच्या चारहि कडा मोजाव्या. येथें १७.४ भरली असें धरूं. दोन बाजूंचे ३४.८ वजा जातां आंत २५५.२ उरले. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलास प्रत्येक बाजूस अर्धा इंच, म्हणजे १२.७ लागतात, दोहोंचे २५.४ वजा केले, म्हणजे सरकत्या खणाची बाहेरची रुंदी २२९.८ येते. खणाचें प्लायवुड नांवाचें १२ पण मापाचें ११.६ असेल, तर आंत २०६.६ मिलिमीटर जागा मिळते. हाच हिशोब दुकानदाराच्या आंकड्यांनीं केला, तर खणाचा तळ २०४.६ चा कापला जातो. त्यास खऱ्या जाडीच्या बाजू जोडल्यावर खण २२७.८ चा होतो, आणि ज्या पेटीचा तळ २५४ चा कापला तिच्यांत ०.८ मिलिमीटर सैल पडतो. ०.८ म्हणजे कांहींच नाहीं, असें कोणी म्हणेल. पण प्लायवुड कांचेंत बसविण्याकरितां पाडलेल्या प्रत्येक खांचेंत आणखी अर्धा-पाऊण मिलिमीटर सैल राहतो, तो याच्यांत मिळतो, आणि भरलेला खण ओढतांना खडखडतो.

आंतील २०६.६ मध्यें काय मावेल, हें मात्र कॅलिपर सांगणार नाहीं. तें स्वयंपाक करणारीनेंच सांगावयाचें आहे. जर्मनींत फ्रांकफुर्ट येथें १९२६ सालीं मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनीं सुमारें १.९ बाय ३.४ मीटरांच्या स्वयंपाकघराची जी प्रसिद्ध रचना केली, तींत धान्यासाठीं अ‍ॅल्युमिनियमचे ओढून ओतावयाचे डबे होते, आणि कोणत्या डब्यांत कोणता जिन्नस हें नांव त्यांवर आधींच उठविलेलें होतें. योजना मोठ्या विचाराची होती. तथापि आपल्या घरांत तांदळाचा डबा किती मोठा असावा, हें दुसऱ्या कोणीं ठरवावें, हें आम्हांस कसेंसेंच वाटतें. तेव्हां घरांतील खरेखुरे डबे जमिनीवर मांडावे, त्यांचा व्यास व उंची लिहावी, आणि जो रोज हातीं येतो तो वरच्या मजल्यावर, जो आठवड्यानें लागतो तो खालीं, असें त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावें. अरुंद खणांतून डबा बाजूनें निघतो. म्हणून दोन मजल्यांच्या बाजूच्या पट्ट्या सुमारें ७० मिलिमीटरच उंच ठेवाव्या, आणि डब्यावर तो तिरपा करून काढण्याइतकी जागा सोडावी. चॅनेल पूर्ण बाहेर येणारेंच घ्यावें. अर्धवट बाहेर येणाऱ्या चॅनेलावर मागचा डबा ओट्याखालींच राहतो, मग एवढा खटाटोप कशासाठीं? खण उंच असल्यास वरच्या मजल्यासहि दुसरा जोड लावावा, एरव्हीं तो डुलतो. चॅनेलांच्या जोडीवर किती किलो भार चालेल हें पाहूनच तीं घ्यावीं. तेलाचा पांच लिटरांचा डबाच साडेचार किलोंच्या वर जातो.

नकाशा काढतांना दोन गोष्टी विशेष संभाळाव्या. यंत्र तक्त्याच्या एकाच तोंडावरून खांचा व भोकें पाडतें. म्हणून उजवी आणि डावी बाजू आरशांतल्याप्रमाणें उलट काढली नाहीं, तर दोन्ही डाव्याच तयार होतात. दुसरें, कटर गोल असतें. ६ मिलिमीटरांच्या कटरनें आंतील कोपरा कापला तर तेथें ३ मिलिमीटरांची गोलाई राहते आणि चौकोनी फळी तींत बसत नाहीं. यास्तव प्रत्येक आंतल्या कोपऱ्यांत, कटर कोपऱ्याच्या टोकापर्यंत पोंचेल असा थोडा अधिक छेद नकाशांतच दाखवावा. तो झांकला जाईल अशा जागीं घ्यावा, म्हणजे डोळ्यांस खटकत नाहीं.

सिंकजवळचा खण असेल तर आय.एस. ७१० प्रमाणाचें प्लायवुड घ्यावें व कापलेल्या सर्व कडा बंद करून घ्याव्या. पाणी प्लायवुडांत शिरतें तें कडांतूनच. गॅसची नळी ज्या कप्प्यांतून जाते तेथें खण मागें भिडूं देऊं नये, आणि नळी पाहतां येईल अशी उघडी ठेवावी.

सबंध तक्ता यंत्रावर चढविण्यापूर्वीं कारखानदाराकडून त्याच प्लायवुडाचा वीतभर तुकडा कापून घ्यावा, आणि त्यांत १७.४, १७.६ व १७.८ रुंदीच्या तीन खांचा पाडून घ्याव्या. जींत फळी हातानें दाबून बसते आणि उलटी केल्यावर गळून पडत नाहीं, ती खांच नकाशांत घालावी. तो तुकडा पेन्सिलीनें आंकडे लिहून ठेवून द्यावा. शेजारच्या कप्प्याची पाळी येईल तेव्हां प्रथम त्याचीच आठवण होते.